‘हे कलम उलटं कापलंय’

नागपुरात बर्डीवरच्या ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी काम करते, तिथे ड्रॉइंग टॅबलेटचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पेनाने चित्र काढायच्या पाट्यांचं, डेमो टेबल माझ्याकडे आहे. घ्यायला आलेल्या माणसाला किंमत सांगण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. घरात मशीन कोणती आहे? आणि काढलेलं चित्र शेवटी कुठे जाणार आहे: मोबाइलवर, कागदावर, की फ्लेक्सवर? एवढं कळलं की अर्धी यादी तिथेच गळते. पण लोकांना हे प्रश्न नको असतात. व्हिडिओ पाहून पाहून डोकं भंडावलेलं असतं, त्यांना फक्त ‘सगळ्यात चांगला कोणता’ एवढंच ऐकायचं असतं.

पोळ्याच्या आधीचे दिवस होते. महालातले एक पेंटरकाका मुलीला घेऊन दुकानात आले. वय साठीच्या आसपास, नखांच्या कडेला निळा ऑइलपेंट. मुलगी बारावी झालेली, चित्रकलेच्या सीईटीची तयारी करणारी. शासकीय चित्रकला महाविद्यालयात जायचं तिने ठरवूनच टाकलेलं होतं.

काकांनी खिशातून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. “बावीस हजार आहेत मॅडम. पोरीले ते काचेवर काढायचं मशीन पाह्यजे. ते द्या.”

काचेवर काढायचं म्हणजे पेन डिस्प्ले. ज्या पडद्यावर चित्र दिसतं त्याच पडद्यावर पेन टेकवायचं. मोहात पडावं अशीच वस्तू आहे आणि बारा इंची तेवढ्या पैशांत बसलीही असती. आमच्या मालकांनी बॉक्स काढायला माणूस पाठवलासुद्धा.

मी मुलीला माझा नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. घरी कॉम्प्युटर आहे म्हणाली, मामाच्या ऑफिसातून निघालेला. फोटो आहे का विचारलं, तर होता. सतरा इंची चौकोनी मॉनिटर, 4 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. मी म्हटलं, मागच्या बाजूचाही फोटो मागव. तिने आईला फोन लावला, आणि पाच मिनिटांत कॅबिनेटच्या पाठीचा धुळीने माखलेला फोटो आला. पडद्यासाठी एकच पोर्ट, निळा, पंधरा भोकांचा. व्हीजीए.

पेन डिस्प्ले हा मुळात दुसरा मॉनिटरच असतो. त्याला चित्र पोचवायला एचडीएमआय लागतं, किंवा चित्र वाहून नेणारं यूएसबी-सी. या मशीनला दोन्ही नव्हतं. मध्ये कन्व्हर्टर लावून भागवता येतं, पण व्हीजीएचं चित्र पुन्हा बदलून बारा इंची पडद्यावर आणायचं, त्यावर रोज तासन्‌तास बारीक रेषा काढायच्या, आणि खाली 4 जीबीची मशीन दमतच राहणार. बावीस हजार घालून त्या मुलीच्या पदरात हे पडू द्यायला माझं मन तयार होईना. मालकांसमोरच मी तसं सांगितलं. त्यांनी बॉक्स परत ठेवायला सांगितलं, चेहरा जरा उतरला खरा, पण मला अडवलं नाही.

मुलीने आयपॅडबद्दल विचारलं. प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फक्त आयपॅडवरच चालतं, पैसे एकदाच भरायचे असतात आणि सॉफ्टवेअर खरोखर उत्तम आहे. पण आयपॅड आणि वेगळं घ्यावं लागणारं पेन मिळून हिशेब त्या पाकिटाच्या फार पुढे जातो. शिवाय एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते: ॲपल पेन्सिलचे प्रकार आहेत आणि त्यातलं स्वस्तातलं यूएसबी-सीवालं दाब ओळखत नाही. हात दाबला काय, हलका ठेवला काय, रेष त्याने जाड-बारीक होत नाही. चित्र काढणाऱ्याने नेमकं तेच उचललं तर मोठा घोटाळा होतो. मोबाइलसाठी मिळणारी रबरी टोकाची पेनं तर बोटाचंच काम करतात, त्यांचा विचारसुद्धा नको.

तोवर तिने आपल्या फोनवरची चित्रं दाखवली. इबिसपेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये, बोटाने काढलेली. गांधीसागरच्या काठावरचे लोक, एक म्हातारी, एक झोपलेला कुत्रा. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, व्यवस्थित वेगळे ठेवलेले. हिला सॉफ्टवेअर शिकवायची गरजच नव्हती, फक्त बोटाच्या जागी पेन द्यायचं होतं. मी डेमोच्या मशीनला पडदा नसलेला मीडियम पेन टॅबलेट जोडला, वन बाय वॅकॉम. काळी सपाट पाटी, 216 बाय 135 मिलिमीटरची काढायची जागा, पेनात बॅटरी नाही. पाटीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच पेनाला ऊर्जा मिळते, त्यामुळे चार्जिंग हा विषयच नाही. आणि पाटी फक्त पेन ओळखते, हाताचा तळवा खुशाल टेकवा.

पेन दाबाच्या किती पायऱ्या ओळखतं, ते डब्यावरचे आकडे वाचून लोक फार गोंधळतात. याच्यावर 2048 लिहिलेलं, शेजारच्यावर 8192. नवशिक्याच्या हाताला तो फरक कळत नाही. अगदी हलक्या स्पर्शाला पेन रेष सोडतं की नाही, ते पाहावं. ते बॉक्सवर लिहिलेलं नसतं, हातानेच कळतं, म्हणून डेमो घेतल्याशिवाय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

क्रिता उघडून दिलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि चित्र रंगवण्यासाठीच बनवलेलं आहे. फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरला ब्रश जोडून दिलाय, अशातली गत नाही. सुरुवातीला रेष थरथरते, त्यासाठी ब्रशच्या पर्यायांत रेष सावरून धरणारा स्टॅबिलायझर आहे. मुलीचे डोळे सवयीने खाली पाटीकडे जायचे. तिथे काहीच उमटत नाही, सगळं वर पडद्यावर. थोड्या वेळाने मान वर राहायला लागली. ही सवय लागायला काही दिवस लागतात, आणि ते दिवस काढायची तयारी असेल तरच बिनपडद्याचा टॅबलेट घ्यावा. तिची दिसत होती.

मग मी काकांना सहज विचारलं, “तुम्ही बघता का हात चालवून?”

ते म्हणाले, “माझं काय आता? बडग्याच्या पाट्यासुद्धा फ्लेक्सवर छापून येतात. मजकूर द्यायले जातो मी, अन् तो पोट्टा फॉन्ट लावून मोकळा होतो.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, तिच्यातल्या बडग्यांवरच्या, म्हणजे पुतळ्यांवरच्या पाट्या बाहेरच्या माणसाला नुसत्या घोषणा वाटतील. पण महागाईवर, पुढाऱ्यांवर, खड्ड्यांवर लोकांनी काढलेला राग त्या अक्षरांतून बोलत असतो. कित्येक वर्षं ती अक्षरं हाताने रंगवलेली असायची. काकांनी अशा किती रंगवल्या असतील, त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी पेन हातात घेतलं. पहिल्या ओळी वाईट आल्या. शिडीवर उभं राहून ब्रशच्या टोकाकडे पाहत काम केलेला माणूस, नजर हटेना. स्टॅबिलायझर लावून दिला तर म्हणाले, “हे मागं मागं ओढून राहिलं, काढा.” काढला. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, कोपर उचललं आणि खांद्यातून एक शिरोरेषा ओढली. ती सरळ आली. स्मॉल टॅबलेटवर काम मनगटातून होतं, मीडियमवर कोपर चालवायला जागा मिळते. माझं मीडियमचं मत त्या रेषेने पक्कं केलं.

पण अक्षरासाठी क्रिता पुरेसं नव्हतं. इथे माझा दुसरा प्रश्न येतो. आठ बाय चार फुटांचा फ्लेक्स घ्या. 100 डीपीआयने, म्हणजे इंचाला 100 ठिपके धरले तर 9600 बाय 4800 पिक्सेल होतात, एका लेयरला 180 एमबीच्या वर जागा. मुलीच्या ए-फोर चित्राला 300 डीपीआयवरही लेयरमागे साधारण 35 एमबी पुरतात. अक्षरं पिक्सेलमध्ये न ठेवता व्हेक्टरमध्ये, म्हणजे गणिती वळणांत ठेवली, तर व्हिजिटिंग कार्डापासून भिंतीएवढ्या फ्लेक्सपर्यंत कितीही मोठी करा, कड फाटत नाही. त्यासाठी इंकस्केप. तेही फुकट.

इंकस्केपमध्ये कॅलिग्राफीचं पेन आहे. मी ते निवडून दिलं. काकांनी ‘क’ काढला, थांबले, चष्मा वर केला. पुन्हा काढला. मग ‘म’. मला आधी वाटलं, त्यांना पेन जमत नाही.

“मॅडम, हे कलम उलटं कापलंय.”

मी पडद्याकडे पाहिलं आणि खरंच, अक्षर मराठी असून परकं दिसत होतं. जिथे अंग भरायला हवं तिथे ते बारीक होतं, जिथे निमुळतं व्हायला हवं तिथे फुगलेलं. त्या पेनाचा मूळचा कोन 30 अंशांचा आहे, रोमन लिपीच्या सोयीचा. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेष जाड येते. देवनागरीचा बोरू दुसऱ्या बाजूने तिरका कापतात, त्यामुळे आपली जाडी उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या रेषेला येते. सगळं लिपीचं वळण त्यावर उभं आहे. मी उपयोजित कला शिकलेली आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांच्या मनगटाला दोन अक्षरांत समजलं.

कोन उणे 45 केला. पेनाची जाडी वाढवून दिली.

“आता बघा.”

त्यांनी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ लिहिलं. एका दमात नाही, प्रत्येक अक्षरापाशी थांबून, श्वास धरून. ‘ई’च्या पोटात अंग भरलं, ‘ड’ची गाठ सुटी राहिली, काना धारदार उतरला. मी झूम करून अक्षर पडद्याएवढं केलं, कड तशीच स्वच्छ. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या काउंटरवर प्रिंटरची शाई घ्यायला आलेले दोघं येऊन उभे राहिले. मालकही.

मुलगी म्हणाली, “बाबा, घोड्यावर न चढता जमलं तुम्हाला.” त्यांच्या घरी शिडीला घोडा म्हणतात.

काकांचा पुढचा प्रश्न मला आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. “उद्या पैसे भरले नाही, तर हे बंद तर नाही होणार? माझी अक्षरं आतच अडकून राहिली तर?”

हा प्रश्न नवशिक्यांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं. महिन्याच्या भाड्याने मिळणारी सॉफ्टवेअर्स ताकदीची आहेत, व्यावसायिक स्टुडिओत ती लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कमाई सुरू व्हायच्या आधीच भाडं सुरू झालं, की शिकणं कधी थांबायचं हे बँकेतली शिल्लक ठरवते. इंकस्केपची फाइल एसव्हीजी असते, तो सगळ्यांसाठी खुला असलेला मानक प्रकार आहे, 2001 पासूनचा. उद्या इंकस्केप नको वाटलं तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते. फ्लेक्सवाल्याकडे बहुधा कोरलड्रॉ असतं, त्याला पीडीएफ करून द्यायची. “आणि मूळ फाइल आपल्याकडेच ठेवायची,” मी म्हटलं. त्यांनी मुलीला ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

मग हिशेब केला. मीडियम टॅबलेट. जुन्या मशीनमध्ये रॅम 8 जीबी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, कारण टॅबलेट कितीही चांगला असला तरी रेष पेनाच्या मागे रखडत आली तर हात बिघडतो. दोन्ही सॉफ्टवेअर शून्य रुपये. पाकिटात बऱ्यापैकी पैसे उरले. त्यातून मी मुलीला कागद आणि पेन्सिली घ्यायला सांगितल्या. सीईटीतलं वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र कागदावरच काढायचं असतं, तिथे अनडू नाही. टॅबलेट आला म्हणून कागद सुटता कामा नये.

दुसऱ्या दिवशी ते कॅबिनेट स्कूटरवर ठेवून घेऊन आले. रॅम, एसएसडी बसवली, टॅबलेटचा ड्रायव्हर टाकला. तो चौकोनी मॉनिटर 1280 बाय 1024चा, म्हणजे पाचास चार, आणि टॅबलेट सोळास दहा. पूर्ण पाटी पूर्ण पडद्याला जोडली तर पाटीवर काढलेलं गोल पडद्यावर उभट अंडं होतं. नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाकडा. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो, तो लावला. त्याने पाटीची रुंदी 216 मिलिमीटरवरून 169वर येते, बाकीची पट्टी वापरात राहत नाही. मीडियम होता म्हणून ते परवडलं. स्मॉल असता तर 152मधले 119 उरले असते, काकांचं कोपर त्यात मावलं नसतं.

आठवड्याभरात मुलीचा फोन आला, “ताई, दाब गेला, सगळी रेष एकाच जाडीची येऊन राहिली.” पेनाचा दाब क्रितापर्यंत पोचायला तिच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन मार्ग असतात. एक बदलून दुसरा लावायला सांगितला, क्रिता बंद करून पुन्हा उघडायला लावलं. दाब परत आला. मागून काकांचा आवाज ऐकू येत होता, आपली पाळी कधी येते म्हणून. सकाळी पोरगी बसते, रात्री जेवणं झाली की ते बसतात, आणि रविवारचं अजून ठरलेलं नाही.

यंदाच्या बडग्याची एक पाटी त्यांनी इंकस्केपमधून काढून दिली. फ्लेक्सवाल्याने लाल रंग छापल्यावर मळकट आला, पडद्यावरचा लाल तसाच्या तसा शाईत उतरत नाही म्हणून. आता काका त्याच्याकडे छोटे तुकडे छापून घेऊन लाल जुळवतायत, आणि कुठल्या आकड्यांना कोणता लाल येतो ते मुलीच्या वहीत लिहून ठेवतायत.