ए गेटु?

आमच्या घरी यायचं असेल तर आई पत्ता देत नाही. "कन्ना चौकात उतरायचं आणि कुणालाबी विचारायचं," एवढंच सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात तेवढ्यावर भागतं. पाहुणा चुकलाच तर यंत्रमागाच्या खडखडाटातनं कुणीतरी ओरडून सांगतं, पुढच्या बोळात, निळं दार. अशा बाईला घेऊन मी दुबईमार्गे म्युनिकला निघालो होतो, धाकट्या बहिणीकडं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं ठाण्याला उतरलो, दिवसभर मावशीकडं लोळलो आणि मध्यरात्री सहारच्या टर्मिनल २ वर पोचलो. तिथं फारसं चुकायला होत नाही. टॅक्सी उंचावरच्या रस्त्यानं थेट चौथ्या मजल्यावर सोडते, पुढं एकामागं एक रांगा. सुकं खोबरं सामानात चालत नाही (तेलामुळं पेट घ्यायची भीती), म्हणून आईनं बांधून घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मावशीकडंच राहिल्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या दोन चळती मात्र सुखरूप गेल्या. काउंटरवर मी एक काम आठवणीनं केलं. बॅगेच्या पट्टीवर शेवटचं शहर म्युनिक छापलंय का ते बघून घेतलं. म्हणजे दुबईत बॅगा शोधायला नकोत. प्रत्येकाच्या हातात दोन बोर्डिंग पास आले, पण दुसऱ्यावर गेटची जागा रिकामी.

दुबईत उतरलो आणि मी पहिली चूक केली. गर्दीच्या मागं चालू लागलो. आपल्याकडं स्टेशनवर ही युक्ती चालते, सगळे पुलाकडंच जातात. इथं निम्मी गर्दी दुबईतच उतरणारी, ती पासपोर्टच्या रांगांकडं वळते. आपल्याला पुढचं विमान धरायचंय, म्हणून 'कनेक्शन'ची पाटी धरायची. ते कळेपर्यंत आम्ही बरेच पुढं गेलो होतो. परत फिरलो. मग पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा आईच्या बांगड्या, पुन्हा बीप.

तपासणीतनं बाहेर पडून फळ्यावर बघतो तर आमचं गेट ए मध्ये, आणि आम्ही उभे बी मध्ये. टर्मिनल ३ ही एकच इमारत असेल अशी माझी समजूत होती. तिचे ए, बी आणि सी असे तीन भाग आहेत. बी आणि सी चालत जोडलेले, ए मात्र वेगळा. तो २०१३ साली सुरू झाला, खास दुमजली ए-३८० विमानांसाठी बांधलेला. तिकडं जायला आतली ट्रेन धरावी लागते, आणि तिला ड्रायव्हर नसतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त फोन बघितला. आठ दहा. विमान आठ चाळीसला, आणि वीस मिनिटं आधी गेट बंद.

मी आईचा हात धरून जवळजवळ पळायलाच लागलो. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवता येते, पण "मी काय आजारी हाय का?" म्हणून तिनं ती नाकारली होती. अत्तराची दुकानं, सोन्याची दुकानं, खजुराचे ढीग. "थांब की जरा, गुडघा धरलाय," म्हणत ती थांबलीच. मी पाट्या वाचत गरगर फिरतोय, आणि मागनं तिचा आवाज आला:

"तम्मी, ए गेटुकि एट्ला पोवाली?"

म्हणजे, बाळा, ए गेटला कसं जायचं? फरशी पुसायचं यंत्र ढकलणारा एक पोरगा फोनवर तेलुगूत बोलत होता, ते हिनं बरोब्बर टिपलं होतं. पन्नास वर्षं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या शेजारात राहून आईची तेलुगू पक्की आहे. पोरगा आधी चमकला, मग विचारता झाला, "ए गेटु?"

"ए गेटु!" आई म्हणाली.

"अदे, ए गेटु?"

तेलुगूत 'ए' म्हणजे 'कोणतं', आणि 'अदे' म्हणजे 'तेच'. दोघं आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी मी बोर्डिंग पासवर पेननं आकडा लिहून दाखवला तेव्हा दोघंही खो खो हसले. पोरगा करीमनगरचा निघाला. लिफ्टनं खाली जा, ट्रेन धरा, एवढं सांगून त्यानं आईला आणखी काहीतरी विचारलं.

"तो म्हणतोय, इतकी घाई कशाला? अजून सात वाजायचेत."

मी वर बघितलं. भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ सहा चाळीस दाखवत होतं. माझा फोन अजून विमानातल्यासारखाच फ्लाइट मोडवर, म्हणून मुंबईच्याच वेळेवर. दुबई आपल्या दीड तास मागं. आई काही बोलली नाही, नुसतं गुडघ्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

ट्रेननं काही मिनिटांत ए मध्ये पोचलो. गेटसमोर बसून भाकरी मोडली. विमानतळाचं वायफाय फुकट, म्हणून आईनं शेजारच्या अक्काला फोन लावायला सांगितला. अक्का येत्या मे महिन्यात लेकाकडं जर्मनीलाच जाणार आहेत, याच वाटेनं. पण दुबईत व्हॉट्सअॅपवरनं फोन लागत नाहीत, निरोप तेवढे जातात. मग तिनं फोन तोंडाशी धरून निरोपच बोलून ठेवला:

"अक्का, उतरल्यावर गर्दीमागं जाऊ नका. कनेक्शन लिहिलंय तिकडं चला. तपासणीला बांगड्या आधीच काढून ठेवा. पुढं खजुराचं दुकान लागंल, तिथनं लिफ्टनं खाली, बिनड्रायव्हरची गाडी हाय, भिऊ नका. आणि कुणाला विचारलंत तर आकडा सांगा, नुसतं ए म्हणू नका."