टेक्नो ट्रॅकची मास्टर चेन: चार डीबी कोणी घ्यायचे?

मास्टर चेन म्हणजे मिक्स झालेला ट्रॅक शेवटी ज्या प्रोसेसरांमधून जातो ती रांग. इथला ट्रॅक १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोके), जी मायनरमध्ये. किकचा (बेस ड्रमचा) मूळ सूर ४९ हर्ट्झवर, म्हणजे बरोबर जी. सब बेसही (सर्वांत खालचा बेस) त्याच सुरावर, पण ऑफबीटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधोमध. प्रीमास्टर (मास्टरिंगआधीची मिक्सची फाइल) ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिट फ्लोट, मास्टर बस (सगळे आवाज एकत्र येतात ती शेवटची वाट) पूर्ण मोकळी. सर्वांत उंच पीक (लाटेचं टोक) −६.० डीबीएफएस (० म्हणजे डिजिटल कमाल), ड्रॉपमधला (ट्रॅकच्या सर्वांत जोरकस भागातला) शॉर्ट-टर्म लाऊडनेस −१७ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक). गाठायचं आहे ते ड्रॉपमध्ये −८ च्या आसपास आणि ट्रू पीक (सॅम्पलच्या ठिपक्यांमधलीही खरी पीक) −१ डीबीटीपी.

आधी कागदावरचा हिशोब. −१७ वरून −८ ला यायचं तर ९ डीबी गेन लागतो. तो दिला की −६ वरची पीक +३ वर जाते, आणि छत आहे −१ वर. म्हणजे ४ डीबी कुठेतरी छाटावे लागणार. हे चार डीबी कोण घेणार, कुठे घेणार आणि किती जण मिळून घेणार, एवढाच या चेनचा प्रश्न आहे. प्लगइन कोणतं, हा मुद्दा त्यानंतर येतो.

(हेडरूमबद्दल एक गोष्ट. ३२ बिट फ्लोटमध्ये −६ या आकड्याला काही पावित्र्य नाही. पीक −२ वर असती तरी गेन खाली ओढून काम झालं असतं. महत्त्वाचं एवढंच, की मिक्स करताना कानाला बरं वाटावं म्हणून मास्टरवर लावलेला लिमिटर (ठरलेल्या छतावर जाणारी पीक दाबणारा प्रोसेसर) एक्स्पोर्टच्या आधी काढलेला हवा. त्याने चेपलेली किक नंतर कशानेही परत येत नाही.)

पहिली फेरी: एकटा लिमिटर

९ डीबी गेन आणि सगळे ४ डीबी लिमिटरच्या माथी. ही फेरी मुद्दाम करून पाहावी, कारण पुढच्या प्रत्येक फेरीची तुलना हिच्याशी होते.

रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, २५० मिलिसेकंद ठेवला तेव्हा आवाज स्वच्छ, पण प्रत्येक किकबरोबर हाय-हॅट आणि पॅड खाली जाऊन हळूहळू वर येत होते. १२८ बीपीएमला एक ठोका ४६८.७५ मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात लिमिटर जेमतेम सावरतो तोच पुढची किक येते, त्यामुळे सगळा मिक्स कायम किकच्या खाली दबलेला राहतो.

मग रिलीज १० मिलिसेकंदांवर आणला. हॅट मोकळे झाले, पण सब खरखरायला लागला. कारण वेव्हफॉर्म झूम केला की दिसतं: ४९ हर्ट्झची एक लाट २०.४ मिलिसेकंदांची, अर्धी लाट १०.२ ची. लिमिटर माथ्यावर गेन खाली ओढतो आणि लाट शून्याकडे उतरत असतानाच सोडून देतो. एकाच लाटेच्या आत गेन खालीवर होतो, गोल लाटेला खांदे फुटतात, आणि ते खांदे म्हणजेच डिस्टॉर्शन. बेसवर चालणाऱ्या कुठल्याही लिमिटरचा किंवा कॉम्प्रेसरचा रिलीज एका पूर्ण लाटेपेक्षा लहान ठेवला की हे होणारच, प्लगइन कितीही महाग असो.

दुसरी फेरी: चार डीबी येतात कुठून

एलयूएफएस मोजणारं आयटीयू-आर बीएस.१७७० हे मानक आवाज मोजण्याआधी के-वेटिंग लावतं. त्यात ५० हर्ट्झजवळचा भाग सुमारे ४ डीबीने कमी धरला जातो आणि साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचा भाग तेवढाच वाढवला जातो. म्हणजे सब लाऊडनेसच्या मीटरवर कमी दिसतो, पण पीकची जागा मात्र पूर्ण खातो. लिमिटरला राबवणारा सब, आणि आकडा वाढवणारे मिड-हाय. इलेक्ट्रॉनिक संगीतात हे गणित जितकं टोकाचं असतं तितकं इतर प्रकारांत क्वचितच.

म्हणून खालची बाजू हातात घेतली. पहिला प्रयत्न ३० हर्ट्झवर २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (त्याखालचा भाग काढणारा फिल्टर). ऊर्जा काढून टाकली तरी पीक ०.६ डीबीने वाढली! यात चमत्कार नाही. असा नेहमीचा, मिनिमम-फेज फिल्टर कटऑफच्या आसपासच्या सुरांचा फेज (लाटेची वेळेतली जागा) फिरवतो, आणि जितका उतार तीव्र तितकं फिरणं जास्त. सॅच्युरेट करून माथा सपाट केलेल्या किकमध्ये मूळ सूर आणि हार्मोनिक (त्याच्या पटीतले सूर) एका ठराविक मेळात उभे असतात, म्हणून माथा सपाट दिसतो. तो मेळ बिघडला की माथा परत टोकदार होतो. लिनिअर-फेज (फेज न बिघडवणारा) फिल्टर केल्यावर पीक आटोक्यात आली, पण किकच्या आधी बारीक लहर उमटली. झूम केल्यावर ती डोळ्यांना दिसते आणि हेडफोनवर किकची सुरुवात मऊ लागते. शेवटी २० हर्ट्झवर १२ डीबीचा साधा मिनिमम-फेज फिल्टर ठेवला.

खरा शोध लागला तो सर्वांत उंच पीक नेमकी कुठे आहे हे पाहिल्यावर. ती किकच्या सुरुवातीला नव्हतीच. ती ठोक्यापासून सुमारे २४० मिलिसेकंदांवर होती. ऑफबीट येतो २३४.४ मिलिसेकंदांवर आणि किकची शेपटी होती २८० ची. म्हणजे ४५ मिलिसेकंद किक आणि सब, दोन्ही एकाच ४९ हर्ट्झवर, एकमेकांवर चढून बसले होते. ही दुरुस्ती मास्टरिंगची नाही, मिक्सची आहे, आणि तिथेच जाऊन करावी: किकचा डिके २२० मिलिसेकंदांवर आणला, पुन्हा एक्स्पोर्ट केला. पीक −६.९ झाली, लाऊडनेस जवळजवळ जागच्या जागी. चार डीबींपैकी ०.९ एकही प्रोसेसर न लावता गेले. उरले ३.१.

तुमच्या ट्रॅकमध्ये पहिलं काम हेच करा. एडिटरमध्ये सर्वांत उंच सॅम्पलवर उडी मारायची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिथे काय काय एकत्र वाजतंय ते पाहा. पुष्कळदा उत्तर किक नसतंच.

तिसरी फेरी: कॉम्प्रेसर, आणि मल्टिबँडची रजा

बस कॉम्प्रेसर (पूर्ण मिक्सचे मोठे भाग हलके दाबणारा): रेशो २:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, रिलीज १०० च्या आसपास, गेन रिडक्शन (प्रत्यक्ष दाब) १ ते १.५ डीबी. साइडचेनमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसर जे ऐकून दाबतो त्या सिग्नलवर, १०० हर्ट्झचा हाय-पास. हा फिल्टर नसेल तर कॉम्प्रेसर फक्त किक ऐकतो आणि पहिल्या फेरीतलं पंपिंग मागच्या दाराने परत येतं. रिलीजचा आकडा प्रत्येक प्लगइनमध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो, म्हणून आकड्यापेक्षा गेन रिडक्शनच्या काट्याकडे बघावं: पुढच्या किकच्या आत काटा बराचसा वर आलेला हवा.

कॉम्प्रेसर त्या ३.१ मधलं काही घेत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. ३० मिलिसेकंदांचा अटॅक पीक सरळ जाऊ देतो. सिंथ, पर्कशन आणि रिव्हर्बच्या शेपट्या एकत्र बांधणं हे त्याचं काम. बायपास केल्यावर फरक जेमतेम कळला पाहिजे.

मल्टिबँड (खालचा, मधला, वरचा पट्टा वेगवेगळा दाबणारा कॉम्प्रेसर) लावून काढून टाकला. तीन बँडचे क्रॉसओव्हर (पट्टे वेगळे करणारे फिल्टर), एकही बँड दाबत नसताना, नुसते चालू असले तरी फेज फिरवतात. पीक पुन्हा ०.४ ने वर. खटकत होता फक्त ८.५ किलोहर्ट्झजवळचा ओपन हॅट, तोही फक्त ड्रॉपमध्ये. त्यासाठी डायनॅमिक इक्यूचा (आवाज वाढला तरच कमी करणाऱ्या इक्वलायझरचा) एक बँड पुरतो: क्यू ३, जास्तीत जास्त −२ डीबी. टीडीआर नोव्हा फुकट आहे आणि हे काम चोख करतो. कॉम्प्रेसरसाठी टीडीआर कोटेलनिकोव्हही फुकटच.

२० हर्ट्झच्या फिल्टरसोबतच, मिड-साइडमध्ये (मिड म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा भाग, साइड म्हणजे त्यांच्यातला फरक) साइडवर १२० हर्ट्झचा हाय-पास, ६ डीबी प्रति ऑक्टेव्ह. क्लबमध्ये सबवूफर बहुधा मोनोच चालतात, तेव्हा खालची रुंदी तिथे पोचत नाही. उलट डाव्या-उजव्या बाजूचा फेज विरुद्ध असेल तर बेस नाहीसा होतो. उतार सौम्यच ठेवला, कारण साइडचा फेज मिडपेक्षा जास्त फिरला तर सिंथची जागा डळमळते.

चौथी फेरी: क्लिपर

इथे ९ डीबी गेन देऊन टाकला. पीक +२.१ वर गेली. फ्लोटमध्ये शून्याच्या वर गेलं तरी काही बिघडत नाही. क्लिपरचा थ्रेशोल्ड +०.६ वर, म्हणजे १.५ डीबी छाटणी.

लिमिटरच्या आधी क्लिपर का? लिमिटर पीक आली की सगळा मिक्स खाली ओढतो आणि मग सोडतो. क्लिपर फक्त ते टोक कापतो, मागेपुढे काही हलत नाही. किकच्या सुरुवातीचं टोक मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांचं. तेवढ्यातलं डिस्टॉर्शन कानाला किकचाच भाग वाटतं. दोन्ही बाजूंनी सारखी छाटणी झाली की विषम हार्मोनिक तयार होतात, ४९ चे १४७ आणि २४५ हर्ट्झ, आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर किक थोडी जास्त कळते. पण हाच क्लिपर सबच्या लांब स्वराला लागला तर प्रत्येक लाटेचा माथा कापला जातो आणि गुरगुर सुरू होते. त्यासाठी डेल्टा ऐकावा, म्हणजे फक्त कापलेला भाग. त्यात किकवर टिकटिक ऐकू आली पाहिजे. बेसचा सूर ओळखू यायला लागला की एक डीबी मागे या.

ओव्हरसॅम्पलिंग (क्लिपरच्या आत तात्पुरता वाढवलेला सॅम्पल रेट) ४ पट, कारण असं: ४८ किलोहर्ट्झला वरची मर्यादा २४ किलोहर्ट्झ. ९ किलोहर्ट्झच्या हॅटचा तिसरा हार्मोनिक २७ वर जातो आणि तिथे जागा नसल्यामुळे उलटून २१ वर येतो. त्याहून वरचे आणखी खाली, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येतात आणि कुठल्याही सुराशी जुळत नाहीत. ओव्हरसॅम्पलिंगचा एक तोटा: परत खाली येताना फिल्टरमुळे पीक थोडी वर डोकावते. क्लिपरनंतर मीटर +०.६ ऐवजी +०.८ दाखवू लागला तर गोंधळून जाऊ नये.

पाचवी फेरी: लिमिटर, आणि शेवटची शिस्त

लिमिटरच्या वाट्याला आता १.६ डीबीच्या आसपास. रिलीज ८० मिलिसेकंद, सीलिंग −१, ट्रू पीक चालू. ट्रू पीक हवंच, कारण सॅम्पलच्या दोन ठिपक्यांमध्ये खरी लाट वर असू शकते. सॅम्पल रेटच्या चौथाईवरची साइन लाट ४५ अंशांवर पकडली गेली तर मीटरवर ती ३ डीबीने कमी दिसते. ट्रॅकमध्ये फरक इतका नसतो, पण लॉसी (एमपी३सारख्या) एन्कोडिंगनंतर वाढतो.

४८ वरून ४४.१ वर आणायचं असेल तर ते लिमिटरच्या आधी. सॅम्पल रेट बदलताना पीक हलतात. आधी छत घालून मग बदललात तर छत गळतं. १६ बिट करताना टीपीडीएफ डिदर (बिट कमी करताना मिसळलेला अगदी बारीक नॉइज), एकदाच, सगळ्यांत शेवटी, आणि त्यानंतर फेडरला हात नाही.

चेन आता अशी: २० हर्ट्झ फिल्टर आणि साइड फिल्टर, डायनॅमिक इक्यू, कॉम्प्रेसर, गेन, क्लिपर, सॅम्पल रेट, लिमिटर, डिदर. मीटर म्हणून वॉक्सेंगो स्पॅन आणि युलिन लाऊडनेस मीटर.

ड्रॉप −८.२, पूर्ण ट्रॅक −९.१ एलयूएफएस. तुलना करताना मास्टर ९ डीबीने खाली आणून प्रीमास्टरशी कानाने जुळवून घ्यायचा. हे टाळलं तर अर्धा डीबी मोठा असलेलाच नेहमी चांगला वाटतो आणि पाच फेऱ्यांचा काहीच उपयोग राहत नाही. बरोबरीला आणल्यावर पहिल्या फेरीत किक कार्डबोर्डसारखी लागत होती. आता तिचा क्लिक शाबूत आहे आणि हॅट हलत नाहीत.

स्पॉटिफाय नॉर्मलायझेशनमध्ये (सगळी गाणी सारख्या मोठेपणावर आणताना) −१४ एलयूएफएसवर आणतं, म्हणजे हा मास्टर तिथे ४.९ डीबीने खाली वाजेल. −१४ पेक्षा मोठ्या मास्टरसाठी त्यांचीच सूचना ट्रू पीक −२ ठेवण्याची आहे. म्हणून स्ट्रीमिंगची प्रत वेगळी: तीच चेन, गेन ७, क्लिपर −१ वर, सीलिंग −२. डीजेंसाठी ४४.१ ची २४ बिट वेव्ह. ९६ ची फाइल अनेक जुने प्लेअर उघडतच नाहीत.

एक गोष्ट अजून सुटायची आहे. ब्रेकडाउननंतरची (किक थांबते त्या शांत भागानंतरची) पहिली किक इतर किकपेक्षा ०.७ डीबीने मोठी येते, कारण तेव्हा कॉम्प्रेसर पूर्ण विश्रांतीत असतो. बाकीच्या किक त्याच्या उरलेल्या दाबाखाली येतात. त्या एका ठोक्याला क्लिपर १.५ ऐवजी २.२ कापतो, आणि ड्रॉपच्या नेमक्या पहिल्या क्षणी ते कानाला कळतं. सध्या मिक्समध्ये त्या एकाच किकचा क्लिप गेन −०.७ केला आहे. पुढच्या फेरीत कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड ब्रेकडाउनच्या शेवटच्या चार बारमध्ये ऑटोमेशनने खाली आणून पाहायचा, म्हणजे किक येण्याआधीच काटा ०.७ वर टेकलेला असेल.