सेवेसाठी दिलेली जमीन आणि राजा

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला सरंजाम आणि वतन समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. फलटण, औंध, भोर, जत ही सारी एके काळी सातारच्या छत्रपतींच्या जहागीरदारांची ठिकाणे, आणि कृष्णाकाठाने खाली गेले की सांगली-मिरज पटवर्धनांची. सरंजाम फौज बाळगण्यासाठी मिळे, तत्त्वतः तो धन्याच्या मर्जीवर असे, आणि तरीही एकदोन पिढ्यांत घराण्याचा होऊन बसे. त्यामुळेच असेल, मध्ययुगीन युरोपविषयी वाचताना ८७७ हे साल मला सर्वांत ओळखीचे वाटते.

त्या वर्षी सम्राट शार्लमेनचा नातू, आजच्या फ्रान्सच्या बऱ्याच भागावर राज्य करणारा चार्ल्स द बॉल्ड, इटलीच्या स्वारीवर निघाला. निघण्यापूर्वी किएर्झी येथे त्याने ठरवून दिले की, आपल्या गैरहजेरीत एखादा काउंट, म्हणजे राजाच्या वतीने मुलूख सांभाळणारा सरदार, मरण पावला आणि त्याचा मुलगा स्वारीत असेल किंवा अजून लहान असेल, तर त्याचा मुलूख परस्पर दुसऱ्याला न देता राजाचा निर्णय होईपर्यंत कारभार तात्पुरता चालवावा. वारसाहक्काची सनद म्हणून हे कलम पुष्कळदा दाखवले जाते. माझ्या मते ती मोहिमेपुरती सोय होती. पण मुलगा बापाच्या जागी येणार हे सगळ्यांनी गृहीत धरले नसते, तर अशा सोयीची गरजच पडली नसती. राजा त्याच वर्षी परतीच्या वाटेवर वारला. ९८७ मध्ये ह्यू कापे गादीवर आला, तेव्हा फ्रान्सच्या राजाची खरी हुकमत पॅरिस आणि ओर्लेआँच्या आसपासच्या मुलखापलीकडे फारशी चालत नव्हती.

येथून राज्यसंस्था पुन्हा उभी राहिली ती सरंजामी नाते मोडून नव्हे, तर त्याच नात्यातील अटी काटेकोरपणे वसूल करून, असे मला वाटते. मांडलिक गुडघे टेकून, आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देऊन त्याचा 'माणूस' होत असे, आणि त्याबरोबर बोलावणे आले की दरबारात हजर राहण्याचे बंधनही त्याच्यावर येत असे. इंग्लंडचा राजा जॉन हा आपल्या फ्रान्समधील मुलखापुरता फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. १२०२ मध्ये तेथील काही सरदारांच्या तक्रारीवरून दुसऱ्या फिलिपने त्याला दरबारात बोलावले. तो आला नाही, म्हणून त्याची जहागीर जप्त ठरली, आणि १२०४ मध्ये नॉर्मंडी फिलिपच्या हाती आली. फौज लागलीच, पण निमित्त सरंजामी कायद्यानेच पुरवले. राजाच्या मुलखात कारभार पाहणारे 'बेली' पगारी होते, आणि १२५४ मध्ये नवव्या लुईने त्यांना आपल्या हद्दीत जमीन घेण्यास व तेथे मुलांची लग्ने जुळवण्यास मनाई केली. वतनदारांविषयी सावध करणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांना ही अट नक्कीच पटली असती!

इंग्लंडमध्ये हेच काम हिशेबाच्या कागदाने केले. ११६६ मध्ये दुसऱ्या हेन्रीने आपल्या बड्या जमीनदारांना विचारले की, ११३५ मध्ये पहिला हेन्री वारला त्यापूर्वी तुम्ही किती नाइटांना (घोडेस्वार लढवय्यांना) जमीन दिली होती, त्यानंतर किती जणांना दिली, आणि किती नाइटांचा भार तुमच्या खाशा जमिनीवर आहे. प्रश्न वरवर साधा, पण नाइट पाठवण्याऐवजी 'स्क्यूटेज' नावाची रोख रक्कम घेण्याची पद्धत असल्याने प्रत्येक जादा नाइट म्हणजे राजाच्या दृष्टीने जादा येणे होते, आणि त्या पैशातून पगारी सैनिक ठेवता येत. जॉनने ही मागणी वारंवार केली, तेव्हा सरदारांनी १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाकडून मिळवलेल्या हक्कांच्या सनदेत, बारावे कलम घालून घेतले: राज्याच्या सर्वसाधारण सल्ल्याशिवाय स्क्यूटेज किंवा साहाय्यनिधी घ्यायचा नाही, अपवाद फक्त राजाची खंडणी देऊन सुटका, थोरल्या मुलाला नाइट करणे आणि थोरल्या मुलीचे एकदाचे लग्न. पुढच्याच वर्षी, जॉनच्या मृत्यूनंतर, बालराजाच्या कारभाऱ्यांनी ही सनद नव्याने काढली, तेव्हा त्यांनी हेच कलम गाळले.