तुम्ही विचारलंत म्हणून : पोरासाठी कोणता लॅपटॉप घ्यायचा?

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. रावेर, चोपडा, शिरपूर, कुठून कुठून. "भाऊ, पोऱ्याला कॉलेजला टाकतोय, लॅपटॉप कोणता घेऊ?" जळगावात कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या माणसाला हे विचारणारच. कंपनीचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण मी आधी उलट विचारतो: पोरगं राहणार कुठे आणि शिकणार काय?

राहण्याचं यासाठी की आपल्याकडचा उन्हाळा. अ‍ॅपल मॅकबुकसाठी भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश असावं म्हणतं. आपल्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि पोरं राहतात वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायचा, म्हणजे खालची हवा जायची जाळी बंद. वर चार्जर चोवीस तास लावलेला. लिथियमची बॅटरी गरम असताना कायम शंभर टक्के भरलेली ठेवली की लवकर म्हातारी होते. लॅबमध्ये असा एक लॅपटॉप आला होता, टचपॅड पापडासारखा फुगून वर आलेला. पोरगं म्हणे, "सर, क्लिक होत नाही." क्लिक कसं होणार, खाली बॅटरी फुगली होती. तो तिथेच बंद करायला लावला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

दुकानदार लाल-निळे दिवे लागणारा गेमिंग लॅपटॉप पुढे करतो तेव्हा मी नको म्हणतो. सव्वादोन-अडीच किलोचं धूड, वर विटेएवढा चार्जर, आणि बॅटरी दोन लेक्चर टिकली तरी नशीब. एसटीनं रोज ये-जा करणाऱ्या पोराच्या खांद्याला विचारा. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्याला थ्रीडी मॉडेलिंग करायचं असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं, बाकीच्यांना ते कशाला?

पैसे घालायचे ते रॅममध्ये, म्हणजे चालू कामं सांभाळणाऱ्या मेमरीत. कोडिंग करणाऱ्याला १६ जीबी हवीच. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर एकदम उघडले की ८ जीबी धापा टाकते. बी.कॉम., बी.एस्सी.ला ८ वर भागतं, पण पुढे वाढवता आली पाहिजे. दुकानात मांडून ठेवलेला चालू लॅपटॉप असतो, त्यावर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे 'स्लॉट्स यूज्ड'पुढे '१ ऑफ २' दिसलं तर बहुधा एक जागा रिकामी आहे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती जन्मभर तेवढीच. मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर खात्री करा. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, ५१२ जीबीची बघा, ती बहुतेक ठिकाणी नंतर बदलता येते.

मॅकबुक? यंत्र उत्तमच. पण मेकॅनिकलवाल्यांचं थ्रीडी डिझाइनचं सॉलिडवर्क्स आणि कॉमर्सवाल्यांचं हिशेबाचं टॅली विंडोजवरच चालतात. शाखा बघून ठरवा.

चुलतभावाचा जुना लॅपटॉप मिळतोय, असंही विचारतात. इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का बघा. त्याच्या आधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेवढं जमत असेल तर खुशाल घ्या, बॅटरी नवी टाका.

वॉरंटीबाबत एवढंच विचारा, माणूस घरी येतो की मशीन सेंटरला न्यायचं? आणि ते सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे की नाशिकला? हजार-दोन हजार स्वस्त मिळाला म्हणून नाशिकच्या खेपा घालण्यात काय हशील?

आणि प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना तर घेऊच नका. पहिल्या फेरीत मेकॅनिकल मिळालेलं पोरगं तिसऱ्या फेरीत कॉम्प्युटरला जातं. पहिल्या वर्षाचं बरंचसं सगळ्या शाखांना सारखंच असतं, प्रॅक्टिकलला आमची लॅब आहेच. दिवाळीपर्यंत कुणाचं काही अडत नाही, आणि तेव्हा दुकानदारही भावात थोडं खाली येतो.