पहिल्या रांगेतल्या काकू

साउंडवाल्याला प्रेक्षक दिसत नाहीत, ऐकू येतात. नाट्यगृहाच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी हेडफोन लावून बसलं की पुढे नुसत्या डोक्यांच्या रांगा. पण कोण हसतंय, कोण चुळबुळतंय, कुणाच्या पर्समधल्या गोळीचा कागद चुरचुरतोय, हे बरोबर कळतं. स्टेजच्या कडेला ठेवलेले फूट माईक नटांचा आवाज घेतात, तसा पहिल्या रांगेचाही घेतात. या काकू मला तिथेच सापडल्या.

काकू गिरगावातल्या. संगीत नाटक साहित्य संघात असो, शिवाजी मंदिरात असो की पार्ल्याच्या दीनानाथला, त्या ए रोमध्ये असणारच. आणि नट बोलायच्या अर्धी मात्रा आधी त्यांचे ओठ हलणार. पदंच नव्हेत, गद्यसुद्धा पाठ. एका निर्मात्याने मला विचारलं होतं, "प्रॉम्प्टरचा आवाज बाहेर का येतोय?" प्रॉम्प्टर कसला, काकू होत्या.

'सौभद्र' हा त्यांचा जीव की प्राण. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक 1882 मध्ये रंगभूमीवर आणलं. सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळते, दुर्योधनाला नाही, हे अख्ख्या महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही बलरामदादाने हट्ट धरला की काकूंचा श्वास अडकायचा. एकदा मी विचारलंच, "काकू, शेवट माहीत असताना रडू येतं कसं?"

"मला माहीत आहे रे. सुभद्रेला कुठे माहीत आहे?"

यावर काय बोलणार!

आमच्या नाटकात सुभद्रा करणाऱ्या बाई वर्षानुवर्षं त्याच. तयारीचा गळा, पल्लेदार तान, 'वद जाऊ कुणाला शरण' संपलं की ठरलेला वन्स मोअर. काकू त्यांच्या निस्सीम भक्त. गजरा घेऊन मेकअप रूमच्या दाराशी उभ्या राहायच्या, आत मात्र कधी जायच्या नाहीत. "मेकअप उतरवलेला चेहरा मला बघायचा नाही," म्हणायच्या. पुढे बाईंना प्रवास झेपेना, गुडघे बोलायला लागले, आणि रिप्लेसमेंट म्हणून एक कोवळी मुलगी आली. तिचा पहिला प्रयोग दीनानाथला, रविवारी दुपारी चारचा.

पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक होता. तरी काकू चर्नी रोडहून पहिल्या घंटेच्या कितीतरी आधी हजर. मी माईक तपासत होतो. काकूंचा चेहरा असा की वरातीला नव्हे, पंचनाम्याला आल्यात. "ऐकून तर घेऊ," एवढंच म्हणाल्या. आमचे ऑर्गनवाले काका हसले. त्यांचं म्हणणं, संगीत रंगभूमीवर पक्ष पहिल्यापासून होतेच. 1921 मध्ये मुंबईत, बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं तेव्हा नायिका भामिनी बालगंधर्व आणि नायक धैर्यधर केशवराव भोसले. दोघांचे चाहते एकाच छपराखाली! "तेव्हा फूट माईक असते तर पहिली रांग ऐकायला मजा आली असती रे," काका म्हणाले. त्यांना स्वतःलाही त्या दिवशी धाकधूक होती. जुन्या बाईंची पट्टी काळी चार, या मुलीची काळी पाच, म्हणजे सूर चढा, आणि बोटांना जुनी सवय.

तिसरी घंटा झाली, नांदी झाली. पहिल्या अंकभर काकूंच्या माईकवर मला चक्क शांतता. ओठ बंद. ही शांतता मी ओळखतो, नापसंतीची असते ती. रुसवा म्हणा.

मग ते पद आलं.

पोरीने सुरुवातच धीमी केली. 'वद' म्हणून थांबली. ऑर्गनचा सूर तेवढा मागे रेंगाळत राहिला. जुन्या बाई जिथे तान घ्यायच्या तिथे काकांनी सवयीने जागा करून दिली, आणि हिने ती घेतलीच नाही. जवळजवळ बोलल्यासारखी ओळ सोडून दिली. घाबरली होती की ठरवून केलं, मला आजही सांगता येणार नाही. तिच्या कॉलर माईकवर मला तिचा कापरा श्वास ऐकू येत होता आणि तो काढून टाकायचा की ठेवायचा या विचारात माझं बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या खटक्यावर, होतं. मी ठेवला. तेवढ्यात दुसऱ्या चॅनलवर काहीतरी फुटलं. आधी वाटलं केबल गेली. केबल नव्हती. काकू होत्या. हुंदका, तोही पदराआड दाबलेला, म्हणजे माईकवर जास्तच खरखरीत येतो.

मी त्या माईकचा बाहेर जाणारा आवाज शून्यावर नेला. हेडफोनमध्ये मात्र राहू दिला. नियमात बसत नसेल, पण राहू दिला.

पद संपल्यावर बाल्कनीतून कुणीतरी हौसेने "वन्स मोअर!" ओरडलं. लगेच माझ्या कानात "शूऽऽ!" असा जोरकस दम आला. वन्स मोअरच्या नावाने अख्खं आयुष्य काढलेली बाई वन्स मोअर गप्प करत होती.

मध्यंतरात मी चहाला बाहेर पडलो तर काकू वड्यांच्या रांगेजवळ मला गाठायलाच उभ्या. डोळे लाल, आणि स्वर रागाचा.

"तू आवाज वाढवला होतास ना रे तिचा?"

"नाही काकू."

"मग कमी केलास?"

"हात लावला नाही तिच्या माईकला."

काकूंनी नाक पुसलं. "मी ठरवून आले होते, रडायचं नाही म्हणून. 'श्यामची आई' वाचताना रडायचं, सिनेमा लागला की रडायचं, ते ठीक आहे, ती आपल्या घरची माणसं. ही काल आलेली पोर! हिने तान घेतली नाही, माझी जागाच मोकळी ठेवली. मी काय करू तिथे? रडले." मग आवाज खाली आणून, "इतकी वर्षं बाईंच्या गाण्याला रडले ते काय मग, त्यांच्या तानेला रडले की सुभद्रेला?"

या प्रश्नाचं उत्तर साउंडवाल्याकडे नसतं. मी वडा पुढे केला. त्यांनी अर्धा घेतला.

मध्यंतरानंतर ओठ पुन्हा हलू लागले. घटोत्कचाच्या प्रवेशाला तर त्या नटाच्या चांगल्याच पुढे गेल्या. प्रयोग संपल्यावर गजरा घेऊन आत गेल्या नाहीत, नेहमीसारख्याच. फक्त गजरा माझ्या हातात दिला, "त्या पोरीला दे," म्हणाल्या. दाराकडे निघाल्या आणि चार पावलांवरून परत फिरल्या.

"आणि हे बघ, बाई कधी भेटल्या तर त्यांना यातलं काही सांगायचं नाही."