झावळीचा क्रूस

दुपारी लाइटबिल शोधायला खण उपसला आणि हाताला लागला झावळीचा क्रूस. वाळून खडखडीत झालेला, एक टोक मोडलेलं. बिल राहिलं बाजूला.

हा नानांच्या हातचा. नाना माझ्याहून पस्तीस वर्षांनी मोठे, नात्यानं कुणीच नव्हेत. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर आम्ही शेजारी. मी उशिरा पोचायचो म्हणून, आणि प्रवचन लांबलं की हळूच बाहेर सटकून पान जमवता यावं म्हणून ते. पान अर्थात वाडीतलं. वसईच्या माणसानं पान विकत घ्यावं हे त्यांना पटायचंच नाही.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या संध्याकाळी ते कोवळी, पिवळट झावळी घेऊन ओट्यावर बसत. पातं ओढायचं, नखानं हीर सोलून काढायचा, घडी घालायची, आडवं पातं तिच्यातून ओवायचं आणि टोक मागे खोचायचं. दोरा नाही, गाठ नाही. माझा क्रूस दर वर्षी एका खांद्यात कलायचा. "तुझा दमलाय रे," नाना म्हणायचे आणि तोच स्वतःच्या घरी लावायला घेऊन जायचे.

एकदा आम्ही नाशिकला गेलो होतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इकडच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. त्यातली एक गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाला आहे. नानांचा हात रोज बारा वाजता आमच्या चर्चच्या घंटेच्या दोरीवर असायचा, त्यामुळे मला वाटलं, आता हळहळणार. त्यांनी चपला काढल्या, मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सुस्थळी पडली हो." मग चहा प्यायला चला म्हणाले.

ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवाराआधी नाना पिशवी घेऊन घरोघर फिरायचे. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळूनच, 'तू माती आहेस' म्हणत त्या दिवशी कपाळाला लावायची राख होते ना. पत्र्याच्या डब्यात जाळून, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचे. एखाद्या घरातून झावळी आली नाही तर त्यांच्या बरोबर लक्षात राहायचं. "माती व्हायला पण लोक टाळाटाळ करतात," असं पुटपुटायचे.

ते पावसाळ्यात गेले. त्यानंतर पिशवी घेऊन दारी कुणी येत नाही, चर्चच्या दाराशी खोकं ठेवलेलं असतं. बाकीच्या झावळ्या मी त्यात टाकतो. हा नाही टाकला, तीन वर्षं झाली. खोक्याला फसवता येतं. पिशवी समोर आली असती तर मुकाट्यानं द्यावा लागला असता, आणि हवं होतं ते मला.

पुन्हा खणात ठेवला, कागदांच्या खाली. बिलाची शेवटची तारीख उद्या आहे.