भुऱ्या पाणी कधी पितो?

मेलबर्नमधील आमच्या घरी येणारे पाहुणे बैठकीतील काचेच्या पेटीजवळ थांबतात, दिव्याखालच्या दगडावर पसरलेल्या भुऱ्याकडे थोडा वेळ पाहतात आणि मग जवळजवळ सगळे एकच प्रश्न विचारतात. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बोलणारी माझी मावशीही तोच प्रश्न विचारते : एवढ्याशा जिवाला तुम्ही खायला काय घालता, किती घालता, आणि तो पाणी पिताना कधीच कसा दिसत नाही? दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

भुऱ्या हा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा. चिडला किंवा घाबरला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, त्यावरून हे नाव पडले आहे. त्याच्या जातीचे शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स असे असून ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडा, झुडुपांचा, लाल मातीचा प्रदेश ही तिची मूळ भूमी आहे. व्हिक्टोरिया राज्यात तो पाळण्यासाठी परवाना लागतो आणि रानातून उचलून आणण्याची मुभा नाही. आम्ही त्याला एका परवानाधारक पैदासकाराकडून आणले, तेव्हा तो आठ आठवड्यांचा होता आणि माझ्या मुलीच्या तळहातावर शेपटीसकट मावत नव्हता एवढेच.

या वयातील पिल्लू मुख्यतः कीटक खाते. मोठा झालेला ड्रॅगन पालेभाजीवर भर देतो आणि किडे अधूनमधून खातो, परंतु पहिल्या काही महिन्यांत प्रमाण याच्या उलट असते : साधारण तीन हिस्से कीटक आणि एक हिस्सा पाला. वाढ अतिशय वेगाने होते. अंड्यातून बाहेर पडताना सुमारे 10 सेंटिमीटर लांब असलेले पिल्लू वर्ष-दीड वर्षात अर्ध्या मीटरच्या आसपास पोहोचते, आणि त्या वाढीला लागणारी प्रथिने पाल्यातून मिळत नाहीत. आमच्या घरात मांसाहार होत नाही, त्यामुळे त्याला नुसत्या भाजीवर वाढवता येणार नाही का, असे मला अनेकांनी आपुलकीने विचारले आहे. येणार नाही. ज्यांना घरात जिवंत रातकिडे ठेवणे मान्य नसेल त्यांनी हा प्राणी आणू नये, असे मी स्पष्टपणे सांगते, कारण आपल्या आचाराची किंमत त्याच्या हाडांनी मोजावी हे मला योग्य वाटत नाही.

आम्ही त्याला रातकिडे घालतो, येथे ‘वुडी’ या नावाने विकली जाणारी लहान झुरळे घालतो, आणि मिळतील तेव्हा रेशमाचे किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा असू नये, हा नियम पिल्लाच्या बाबतीत कधीही मोडू नये. मोठा किंवा टणक कवचाचा किडा पोटात अडकला, तर प्रकरण जिवावर बेतू शकते. रोज दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांत तो जितके खाईल तितके द्यायचे आणि उरलेले रातकिडे पेटीतून काढून घ्यायचे. हे काढून घेणे अनेकांना क्षुल्लक वाटते, परंतु भुकेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिल्लाला चावतात. बागेतील किडे पकडून घालू नयेत, कारण शेजारच्या कुंपणापलीकडे कोणते औषध फवारले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. काजवा तर चुकूनही घालू नये : अमेरिकेत काजवे खाऊन हे ड्रॅगन दगावल्याची नोंद झालेली आहे, आणि त्यासाठी एखादा काजवाही पुरेसा ठरू शकतो.

रातकिड्यात प्रथिने भरपूर असतात, पण कॅल्शियम फारच कमी आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट. वाढत्या सरड्याला हे प्रमाण उलटे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट, असावे लागते. ते न मिळाल्यास शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. म्हणून आठवड्यातून पाच दिवस, दिवसातील एका खाण्याच्या वेळी, आम्ही रातकिडे एका डब्यात घेऊन त्यांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड टाकतो आणि डबा हलवून ती त्यांच्या अंगाला लावतो. जीवनसत्त्वांची पूड आठवड्यातून एकदा. हे कॅल्शियम शरीरात शोषले जावे यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते भुऱ्याच्या कातडीत अतिनील-ब किरणांमुळे तयार होते. मावशीने एकदा सुचवले होते की त्याला खिडकीतील उन्हात ठेवावे. परंतु खिडकीची काच हे किरण अडवते; तेथे ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी हे किरण देणारी दिव्याची वेगळी नळी लागते, आणि ती उजेड देत राहिली तरी तिचे किरण क्षीण होत जातात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी लागते.

पाला आम्ही रोज सकाळी ठेवतो, त्याने तोंड लावले नाही तरी ठेवतो, कारण लहानपणी ओळख झाली नाही तर मोठेपणी तो पाल्याकडे पाहत नाही. एंडाइव्ह नावाची कडवट पालेभाजी, मोहरीचा पाला, फवारणी न झालेल्या अंगणातील डँडेलियनची पाने, किसलेला बटरनट भोपळा, आणि उन्हाळ्यात जास्वंदीची फुले, जी तो सर्वांत आधी संपवतो. पालक मात्र आपल्याला कितीही पौष्टिक वाटला तरी त्याच्या रोजच्या ताटात नसावा. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. अ‍ॅव्होकाडो आणि रुबार्ब पूर्णपणे वर्ज्य.

आता पाण्याविषयी. भुऱ्याच्या पेटीत उथळ वाटी आहे, तिच्यातील पाणी रोज बदलले जाते, आणि तो त्यातून पिताना मला आजवर फार थोड्या वेळा दिसला आहे. त्याच्या मूळ प्रदेशात साचलेले पाणी क्वचितच असते, त्यामुळे हलत नसलेला पाण्याचा पृष्ठभाग अनेक ड्रॅगनांच्या, विशेषतः पिल्लांच्या, लक्षातच येत नाही. ते ओळखतात तो थेंब. पाऊस पडू लागला की रानातील ड्रॅगन पाठीमागचा भाग उंच करून डोके खाली झुकवतो आणि अंगावरून ओघळत तोंडापाशी येणारे पाणी चाटतो. त्याच पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती जमिनीतून बाहेर पडते, जशी आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येते, आणि रानातील या सरड्यांच्या पोटात अशी पंखवाली वाळवी मोठ्या प्रमाणात सापडलेली आहे. पाणी आणि अन्न त्याला असे बरोबरच मिळते.

घरातही बहुतेक पाणी त्याच्या पोटात अन्नातूनच जाते. रातकिड्याच्या शरीरात साधारण सत्तर टक्के पाणी असते, पण तो रातकिडा स्वतः तहानलेला नसेल तरच. दुकानातून आणलेला डबा तसाच कोपऱ्यात ठेवला तर दोन दिवसांत किडे सुकतात, आणि मग पिल्लू पोटभर खाऊनही तहानलेले राहते. म्हणून किडे भुऱ्याला घालण्याआधी किमान एक दिवस आम्ही त्यांना गाजर, भोपळा आणि हिरवा पाला देतो. त्यातूनच त्यांना पाणी मिळते. भुऱ्याचा पाला धुतल्यावर आम्ही तो पुसत नाही. शिवाय सकाळी दिवे लागल्यानंतर ड्रॉपरने त्याच्या नाकपुड्या टाळून मुस्कटाच्या टोकावर एक थेंब सोडतो. इच्छा असेल तर तो जीभ बाहेर काढून चाटू लागतो आणि आम्ही थेंबामागून थेंब देत राहतो, नसेल तर तोंड वळवतो आणि आम्ही थांबतो. तोंड उघडून पिचकारीने पाणी कधीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पेटीत सतत फवारा मारणेही नको, कारण दमट हवेत त्याला श्वसनाचे विकार होतात.

येथे मला माझी एक चूक सांगणे भाग आहे. आणल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, जुलैच्या थंडीत, भुऱ्याने खाणे जवळजवळ सोडले. त्याचे डोळे किंचित खोल गेले आणि विष्ठेबरोबर येणारा भाग, जो पांढरा व मऊ असायला हवा, तो पिवळा आणि खडूसारखा कडक येऊ लागला. हे सरडे पाणी वाचवण्यासाठी मूत्राऐवजी हा घट्ट युरेट टाकतात, आणि तो पिवळा पडणे हे पाणी कमी पडत असल्याचे लक्षण असते. कातडीतून पाणी शोषले जाते असे मी ऐकले होते, म्हणून मी त्याला रोज कोमट पाण्यात बसवू लागले आणि दिवसेंदिवस तो अधिकच मलूल होत गेला. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रथम मला दिव्याखालचे तापमान विचारले. माझा तापमापक काचेच्या भिंतीला चिकटवलेला होता. त्याचा संवेदक दगडावर ठेवल्यावर आकडा आला 32 अंश सेल्सिअस. पिल्लाला तेथे 40 ते 42 लागतात, तर पेटीच्या दुसऱ्या टोकाला 25च्या आसपास थंडावा. या सरड्याचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. ती नसेल तर खाल्लेले पोटात तसेच राहते, म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून त्याला पाणीही मिळत नाही. मी पाण्याचा उपाय करीत होते आणि उणीव उष्णतेची होती. कातडीतून पाणी शोषले जाते या समजुतीला आधार नाही, हेही मला त्याच दिवशी समजले. आंघोळीत तो पाणी चाटून पितो, तेवढाच तिचा उपयोग, आणि मी बसवत असे तेव्हा तो भीतीने डोळे मिटून घेत असे.

दिवा बदलल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याने सकाळी अकरा रातकिडे खाल्ले. तेव्हापासून आम्ही त्याला दिवे लागल्यावर तासाभराने पहिले खाणे देतो आणि शेवटचे खाणे दिवे मालवण्याच्या किमान दोन तास आधी, म्हणजे पचवायला त्याच्याकडे ऊब उरते. आंघोळ आता आठवड्यातून एकदा, खांद्यांच्या खालीच राहील एवढ्या कोमट पाण्यात, दहा मिनिटे, तीही तो शांत असेल तरच.

दर रविवारी माझी मुलगी त्याला स्वयंपाकघरातील वजनकाट्यासारख्याच, पण त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या वजनकाट्यावर ठेवते आणि वजन वहीत लिहिते. कात टाकताना किंवा पेटीची जागा बदलली की एक-दोन दिवस तो कमी खातो, आणि त्या वेळी वहीतील आकडा घसरला नसेल तर आम्ही वाट पाहतो. पिल्लाचे वजन सलग दोन आठवडे वाढले नाही, किंवा युरेट पुन्हा पिवळा आला, तर आम्ही प्रथम दगडावरचे तापमान मोजतो आणि नंतर विष्ठेचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जातो. गेल्या रविवारी वहीत 61 ग्रॅम लिहिले गेले, त्याच्या आधीच्या रविवारी 54.